खापर फोडले, जबाबदार धरले की कारणीभूत ठरले?

प्रश्न असा आला आहे: पहिल्या महायुद्धावरच्या लेखात 'व्हर्सायच्या तहात युद्धाचे खापर जर्मनीच्या माथी फोडण्यात आले' असे वाक्य होते. तपासणाऱ्याने 'खापर' खोडून 'जबाबदारी जर्मनीवर टाकण्यात आली' असे केले. अर्थ एकच असताना हा बदल कशासाठी? आणि 'कारणीभूत' चालले असते का?

अर्थ एकच नाही. खोडणाऱ्याची बाजू मला पटते, पण त्याची दुरुस्तीही अर्धवटच आहे.

खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. (खापरपणजोबांचा विषय आत्ता नको.) ते कुणाच्या माथी फुटले असे म्हटले, की ऐकणारा न सांगता समजून जातो: दोष त्याचा एकट्याचा नाही, कदाचित मुळीच नाही, आणि फोडणारा स्वतःची मान सोडवून घेतो आहे. 'न्यायालयाने खुनाचे खापर आरोपीच्या माथी फोडले' असे लिहून पाहा. निकाल चुकला, असे तुम्हाला म्हणायचे आहे हे लगेच दिसते. स्वतःच्या चुकीचे खापर स्वतःवर तर कुणी फोडतच नाही. या वाक्प्रचारातच अन्यायाचा आरोप मुरलेला आहे.

म्हणजे तुमच्या वाक्यात १९१९ सालच्या जर्मनीची बाजू आपोआप घेतली गेली. तिकडचे परराष्ट्रमंत्री ब्रॉकडॉर्फ-रांट्झाउ यांनी ७ मे १९१९ रोजी व्हर्सायमध्ये विजेत्यांसमोर हेच मांडले होते: आम्ही एकटेच दोषी, असे मी कबूल केले तर ते माझ्या तोंडचे खोटे ठरेल. ही बाजू घ्यायला हरकत नाही, इतिहासकारांनीही घेतली आहे. पण ती ठरवून घ्यावी, वाक्प्रचाराच्या ओघात नको.

तहात प्रत्यक्ष काय आहे? वादाचे मूळ २३१व्या कलमात. 'दोष' किंवा 'अपराध' हा शब्द त्यात नाही. जर्मनी व तिच्या साथीदारांच्या आक्रमणामुळे लादल्या गेलेल्या युद्धात जे नुकसान झाले, ते घडवण्याची जबाबदारी जर्मनी स्वतःची व साथीदारांची म्हणून स्वीकारते, असा त्याचा आशय. हे भरपाईच्या प्रकरणाचे पहिले कलम. पुढच्याच कलमात जर्मनीची ऐपत सगळी भरपाई देण्याइतकी नाही, हेही मान्य केले आहे. ऑस्ट्रिया आणि हंगेरीबरोबरच्या तहांतही जवळपास याच शब्दांचे कलम आहे. म्हणून 'युद्धाची जबाबदारी' यापेक्षा 'युद्धातील नुकसानीची जबाबदारी' हे तहाला जास्त धरून होईल. अर्थात 'आक्रमण' आणि 'लादलेले' हे शब्द तिथे आहेतच, त्यामुळे कलम निव्वळ हिशेबाचे होते असेही म्हणता येत नाही. जर्मनीत ते 'युद्धदोषाचे कलम' म्हणूनच गाजले. जर्मन भाषेत दोष आणि कर्ज या दोन्हींना 'शुल्ड' हा एकच शब्द आहे, आणि इथे तर दोन्ही एकदमच पदरात पडत होते.

जाता जाता: अशा मजकुरात 'जर्मनी व तिची मित्रराष्ट्रे' लिहू नका. मराठीत 'मित्रराष्ट्रे' किंवा 'दोस्त राष्ट्रे' म्हटले की ब्रिटन-फ्रान्सची बाजू डोळ्यांसमोर येते.

आता 'कारणीभूत'. या शब्दाला हेतू लागत नाही. साराजेव्होतील २८ जून १९१४ची ऑस्ट्रिया-हंगेरीचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या, लष्करी करारांचे जाळे, सैन्य जमवण्याची आधीच आखलेली वेळापत्रके हे सगळे युद्धाला कारणीभूत ठरले असे लिहिता येते. जबाबदार मात्र तोच, ज्याला जबाब विचारता येतो. वेळापत्रकाला कोण जाब विचारणार? 'अपघाताला खड्डे जबाबदार' असे आपण सर्रास लिहितो, पण तिथे खड्ड्यांच्या आडून कुणीतरी निसटलेले असते. हत्येला तर 'कारण' म्हणण्याआधीही थांबावे. 'निमित्त' हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. हत्येनंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचा निर्वाणीचा खलिता सर्बियाला मिळाला तो २३ जुलैला, जवळजवळ महिन्याने. मधल्या काळात बर्लिनने व्हिएन्नाला पाठिंब्याचा कोरा धनादेश देऊन ठेवला होता.

खरी गंमत क्रियापदांत आहे. 'युद्ध पेटले', 'भडकले', 'युद्धाला तोंड फुटले' यांत कर्ताच नाही. वणव्यासारखे आपोआप झाले म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. १९१४चे नेते जणू झोपेत चालत कड्यापर्यंत गेले, हे इतिहासकार क्रिस्टोफर क्लार्क यांचे चित्रण या क्रियापदांच्या जवळचे आहे. 'युद्ध लादले' म्हटले की आपण २३१व्या कलमाच्या बाजूला, आणि बऱ्याच अंशी फ्रिट्झ फिशर यांच्याही. या जर्मन इतिहासकाराने १९६१ साली जबाबदारीचा मोठा वाटा आपल्याच देशाच्या नेतृत्वाकडे आहे असे मांडले, आणि तिथे मोठे वादळ उठले. 'ओढवले' आणि 'ओढवून घेतले' यांतही असाच फरक. सर्वांत निर्धोक 'युद्ध पुकारले', कारण त्याला तारीख असते: ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध २८ जुलै, जर्मनीने रशियाविरुद्ध १ ऑगस्ट, फ्रान्सविरुद्ध ३ ऑगस्ट, ब्रिटनने जर्मनीविरुद्ध ४ ऑगस्ट. पण निर्धोक म्हणजे पुरेसे नव्हे. रशियाने ३० जुलैला सर्वसाधारण सैन्यजमवाजमवीचा हुकूम काढला, तो या यादीत येतच नाही.

तुमचे वाक्य मी असे केले असते: 'व्हर्सायच्या तहाने युद्धातील नुकसानीला जर्मनी व तिच्या साथीदारांना जबाबदार धरले.' 'धरले' महत्त्वाचे. ते ठरवणाऱ्याचे मत आहे, तुमचे नाही. आणि 'युद्धाला जबाबदार' असेच लिहा, 'युद्धासाठी जबाबदार' नको. प्रत्यय गाळून नुसते 'जर्मनी हे जबाबदार राष्ट्र होते' असे लिहिलेत, तर मात्र वाचणारा त्याला प्रशस्तिपत्र समजेल.