सोलापुरात ज्येष्ठांसाठीच्या घरांना मागणी किती, हे कसं काढायचं?

जुळे सोलापुरात तुमची जागा आहे, तिथे ज्येष्ठांसाठी 60 खोल्या बांधल्या तर भरतील का, आणि त्याचा आकडा काढायचा कसा, असं तुम्ही विचारलंय. बँकेत असे प्रकल्प अहवाल तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून लिहितोय.

बरेच अहवाल जनगणनेपासून सुरू होतात आणि तिथंच घसरतात. 2011 मध्ये शहर साडेनऊ लाखांचं, राज्यात साठीपुढचे साधारण 10 टक्के, म्हणजे ज्येष्ठ 95 हजार. त्यातला एक टक्का धरला की 950 गिऱ्हाइकं. झाला अहवाल! हा एक टक्का आला कुठून, ते कुणी सांगत नाही.

त्या 95 हजारांत विड्या वळून आणि माग चालवून म्हातारपण गाठलेले किती तरी आहेत. बंद गिरणीतल्या कामगाराची पेन्शन तुमच्या एका आठवड्याच्या जेवणालाही पुरायची नाही. गरज त्याला आहेच, पण ती तुमच्या खोल्यांची मागणी नव्हे. निराधारांसाठी आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात जिल्ह्यागणिक किमान 150 जणांच्या निवासाची तरतूद आहे; तो हिशेब सरकारचा.

तुमचं गिऱ्हाईक म्हणजे पंचाहत्तरीच्या आसपासचे, पेन्शन असलेले, मुलं पुण्याला नाहीतर हैदराबादला, घरात दोघंच किंवा एकटं. साठीचा सोलापूरकर अजून दुकानात बसतो, त्याला मोजू नका. ज्येष्ठ नागरिक संघ, पेन्शनर संघटना आणि आसपासच्या सोसायट्या, एवढ्यांतून ही यादी होते. अक्कलकोट, बार्शीकडचे लोकही दवाखान्यासाठी इथंच येतात, त्यांना विसरू नका.

मग घरोघरी जा, पण ‘असं घर आवडेल का?’ हे विचारू नका. एका सर्व्हेला मी सोबत गेलो होतो. निवृत्त शिक्षिका, चहा वगैरे झाला, आणि म्हणाल्या, “लई चांगलंय की ओ, लोकांची सोय होईल.” फॉर्मवर ‘होकार’ पडला! त्यापेक्षा विचारा: नळाला पाणी येतं तेव्हा मोटर कोण लावतं? मागच्या वेळी दवाखान्यात सोबत कोण होतं? जिना चढून गच्चीवर शेवटचं कधी गेलात? शेजाऱ्याचं नाव वारंवार आलं की ते घर खऱ्या यादीत घ्या. आणि मुलांना फोन करा, कारण बऱ्याचदा पैसे तेच देणार आणि ‘लोक काय म्हणतील’ हेही तेच म्हणणार.

दर ठरवताना दुसऱ्या वृद्धाश्रमाशी तुलना पुरत नाही. घरी कामाला येणारी बाई, डबा, औषधं आणून देणारा पोरगा यांचा महिन्याचा खर्च काढा. त्याच्या फार वर गेलात तर माणूस घर सोडत नाही.

शेवटी परत मिळणारी नोंदणी रक्कम मागा, निदान 10 हजार. चेक किती आले तेवढी मागणी धरा. 60 ऐवजी 20 आले तर तळमजल्यावर 20 च खोल्या काढा, पाया मात्र वरच्या मजल्यांचा घाला आणि लिफ्टची जागा सोडून ठेवा.