मंडळातर्फे सेवाभावी माणसांचा सत्कार करायचा आहे. माणसं कशी निवडावीत, कार्यक्रम कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की देवासच्या तुमच्या मंडळात यंदापासून दरवर्षी दोन-तीन सेवाभावी माणसांचा सत्कार करायचं ठरलंय. त्यासाठी अर्ज मागवावेत का, आणि सगळं नेहमीच्या शाल-श्रीफळाच्या वळणावर जाऊ नये म्हणून काय करावं, असं विचारलंय. मी इंदूरच्या एका मराठी मंडळाची सात वर्षं चिटणीस होते. शहाणपण सांगण्यापेक्षा आमच्या चुका सांगते, त्यातलं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा.

अर्ज मागवू नका. पहिल्या वर्षी आम्ही फलकावर कागद लावला, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. अकरा अर्ज आले, त्यातले नऊ ज्याचे त्यानेच भरलेले. फायली लॅमिनेट केलेल्या, वर्तमानपत्रांची कात्रणं तारखेवार. एका गृहस्थांच्या फायलीत कांबळं वाटतानाचे चार फोटो होते. घेणारे चार वेगळे, पण लाल काठाचं कांबळं चारही फोटोंत एकच. आमच्या खजिनदारांनी ते पकडलं, नाहीतर आम्ही सर्वात जाड फाईल निवडून मोकळे झालो असतो. (निवडली ती दुसऱ्या क्रमांकाची जाड फाईल. त्याबद्दल आता बोलत नाही.)

जो खरोखर कोणाचं काही करतो त्याला फाईल करायला वेळ नसतो. त्याला शोधायचं तर ज्यांच्यासमोरून ते काम रोज घडतं त्यांना विचारावं लागतं. औषधाचा दुकानदार, दूधवाला, घरोघरी पूजेला जाणारे गुरुजी, दवाखान्यातल्या आया, मुक्तिधामचे म्हणजे स्मशानातले कर्मचारी. प्रश्नही नेमका हवा. "समाजसेवा कोण करतं?" असं विचारलं की लोक नगरसेवकाचं नाव सांगतात. आमच्या कॉलनीतल्या मेडिकलवाल्याला मी विचारलं, "भैया, दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन औषधं न्यायला कोण येतं?" तो लगेच म्हणाला, "एक आंटी हैं ना, चार घर की पर्चियाँ लाती हैं. और उधारी किसी की रह जाए तो चुपचाप अपने खाते में लिखवा जाती हैं." त्या बाई माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. वीस वर्षं हळदीकुंकवाला भेटत होतो, मला पत्ता नव्हता.

आता अण्णांबद्दल. खरं नाव सांगत नाही, त्यांना चालणार नाही. त्यांचं नाव आम्हाला एका गुरुजींनी सुचवलं. अण्णा गिरणीत टाइमकीपर होते, गिरणी बंद पडल्यावर एका दुकानात हिशेब लिहायचे. कॉलनीत कोणाकडे मयत झाली की पहिला फोन त्यांना जातो. आमच्याकडच्या मराठी वस्त्यांचं आजचं चित्र तुम्हाला देवासला बसून माहीत असेलच. मुलं पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला, आणि इथे मोठं घर, त्यात दोन म्हातारी माणसं. त्यातलं एक रात्री तीनला गेलं की दुसऱ्यानं काय करायचं? अण्णा सायकलवर यायचे, आता स्कूटरवर येतात. बांबू कुठे मिळतील, सुतळी किती, मडकं, गोवऱ्या, पांढरं कापड, सगळं त्यांच्या डोक्यात. तिरडीची गाठ कशी मारली की खांदा बदलताना ती सैल होत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला येत नाही. शववाहन बोलावतात, मुलगा विमानात असेल तर बर्फाच्या पेटीची सोय करतात, व्हिसा मिळाला नाही तर फोन हातात धरून त्याला अंत्यदर्शन घडवतात.

आणि एक गोष्ट, जी त्या घडीला कोणाच्याच लक्षात येत नाही. मुक्तिधामच्या पावतीवर नाव लिहिताना अण्णा खिशातून आधार कार्डाची झेरॉक्स काढून अक्षरन् अक्षर ताडून बघतात. पावतीवरचं नाव चुकलं की मृत्यूचा दाखला चुकतो, दाखला चुकला की पेन्शन, बँक, विमा सगळं अडतं आणि मागे राहिलेल्या बाईला महिनोन्महिने नगर निगमच्या (महापालिकेच्या) झोन ऑफिसात खेपा घालाव्या लागतात. ज्यांचं कोणीच येऊ शकलं नाही अशांच्या अस्थी त्यांनी बसनं खेडीघाटला नेऊन नर्मदेत सोडल्यात. किती जणांच्या, ते मोजलेलं नाही म्हणतात. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, 2021 च्या एप्रिलमध्ये, सख्खे नातेवाईक फाटकाबाहेर उभे असायचे तेव्हाही हे जात होते.

सत्कारासाठी विचारायला गेलो तर म्हणाले, "माझं काम असं आहे की झाल्यावर कोणी 'पुन्हा या' म्हणत नाही. तुम्ही कशाला बोलावताय?" बायकोनं गळ घातली म्हणून तयार झाले.

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा. प्रमुख पाहुणे म्हणून आम्ही एका पुढाऱ्यांना बोलावलं होतं. पावणेआठ वाजले तरी ते आले नव्हते. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून मंचावर बसलेले, समोर तबकात शाल आणि नारळ, आणि आम्ही वेळ काढायला एकामागून एक भावगीतं म्हणवून घेत होतो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सुदामानगरात कोणी गेलं होतं. अण्णा उठले, माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "येतो, तुम्ही चालू द्या." गेले. पाहुणे सव्वाआठला आले, करुणेवर पस्तीस मिनिटं बोलले आणि शाल अण्णांच्या बायकोच्या खांद्यावर घातली. त्या फोटोत अण्णांची रिकामी खुर्ची आहे. मला त्या रात्री झोप लागली नाही. सत्कार ठेवून आम्ही त्या माणसाचे दोन तास खाल्ले होते, त्याला दिलं काहीच नव्हतं.

त्यानंतर प्रमुख पाहुणे हा प्रकारच बंद केला. शाल कोणी घालायची? ज्याचं काम झालं त्यानं, तेही त्याला मनापासून हवं असेल तर. इथे जपून. एका वर्षी वक्त्यानं भरात येऊन सांगितलं की सत्कारमूर्तींनी कॉलनीतल्या अमुक घरातल्या दोन मुलींची फी भरली. त्या मुलींची आई चौथ्या रांगेत बसली होती. ती पुन्हा मंडळात आली नाही. तेव्हापासून आमचा नियम आहे: देणाऱ्याचं नाव मंचावर, घेणाऱ्याचं त्याच्या परवानगीशिवाय कुठेही नाही.

दुसरा बदल असा की आधी घरी जाऊन विचारायचं, "तुमच्या कामात काय कमी पडतं?" अण्णांना हे पहिल्याच वर्षी विचारायला हवं होतं, आम्ही पुढच्या वर्षी विचारलं. मला वाटलं पेट्रोलचे पैसे म्हणतील. ते म्हणाले, "दोन पोरं द्या. मी बहात्तरचा आहे. माझी तिरडी बांधायला तरी कोणाला यायला नको का?" आम्ही तिघं मिळवली. एक पहिल्याच वेळी घेरी येऊन बसला, दुसऱ्याला इंदूरबाहेर नोकरी लागली, एक टिकला. औषधवाल्या काकूंना काय हवं होतं माहितीये? दर मंगळवारी एम.वाय. या सरकारी दवाखान्यात एका पेशंटबरोबर बसायला कोणीतरी, म्हणजे त्यांना त्या दिवशी नातवाला शाळेतून आणता येईल. मंडळातल्या दोघी आता आळीपाळीनं जातात. शाल त्यांनाही दिलीच, आवडलीही असेल.

कोणी नको म्हणालं तर एकदाच विचारून सोडून द्या. आपल्याकडे या बाबतीत थोर उदाहरण आहे. अहिल्यादेवींची स्तुती करणारा ग्रंथ एका ब्राह्मणानं रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एक दुबळी, पापी बाई, एवढ्या स्तुतीला पात्र नाही असं म्हणाल्या आणि ग्रंथ नर्मदेत टाकायला सांगितलं. माळव्यातला ब्रिटिश अधिकारी माल्कम यानं हे नोंदवून ठेवलंय. त्याच अहिल्यादेवींच्या नावानं इंदूरकरांनी 1996 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला आणि पहिला नानाजी देशमुखांना दिला. बाईंना विचारलं असतं तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे! पण पुरस्कार असावेत असं मला वाटतं, एवढंच की फार उशीर करू नये. आमच्या डॉ. भक्ती यादव एम.जी.एम. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, परदेशीपुऱ्यात दशकानुदशकं गरीब बायकांची बाळंतपणं पैसे न घेता करत राहिल्या. पद्मश्री जाहीर झाली 2017 च्या जानेवारीत, त्या नव्वदीत असताना, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या.

पद्मचा विषय निघालाच आहे तर सांगते, त्यासाठी कोणीही नागरिक कोणाचंही नाव ऑनलाइन सुचवू शकतो. कार्याची माहिती 800 शब्दांत लिहायची असते. तुमच्याकडे खरोखर तसा माणूस असेल तर मंडळानं हे काम जरूर करावं. मानपत्र लिहितानाही आम्ही आता तीच शिस्त पाळतो: 'सेवामूर्ती', 'करुणासागर' वगैरे काढून टाकायचं आणि घडलेले तीन प्रसंग लिहायचे. अण्णांच्या दुसऱ्या मानपत्रात आधार कार्डाच्या झेरॉक्सचा प्रसंग होता. सभागृहात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मागच्या रांगेतल्या दोन बायका डोळे पुसत होत्या.

पाकिटाचं थोडक्यात. पैसे द्यायचे असतील तर आधी खासगीत विचारा, मंचावर रक्कम वाचून दाखवू नका.

अपघातातल्या जखमींना उचलून दवाखान्यात नेणारं कोणी तुमच्या यादीत असेल तर केंद्र सरकारची बक्षिसाची योजनाही बघून ठेवा. 2021 मध्ये ती 5,000 रुपयांची होती, 2025 मध्ये 25,000 झाली, आणि आता अशा माणसाला 'राहवीर' म्हणतात. शिवाय मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं अशा माणसाला संरक्षण देणारं कलम आलंय, आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे त्याच्यावर नाव-गाव सांगायची सक्ती करता येत नाही. पुष्कळ लोक पोलिसांच्या भीतीनं थांबतात, म्हणून हे तुमच्या कार्यक्रमात कोणीतरी मोठ्यानं सांगितलं तरी पुष्कळ झालं.

अवयवदान केलेल्या कुटुंबांचं मात्र वेगळं धरा. इंदूरला 2015 मध्ये पहिला ग्रीन कॉरिडॉर (दात्याचे अवयव वेळेत पोचावेत म्हणून मोकळा ठेवलेला रस्ता) झाला, तेव्हापासून अशी घरं आमच्या ओळखीतही आहेत. आता मध्य प्रदेश सरकारनं दात्यांना गार्ड ऑफ ऑनर द्यायचं ठरवलंय, ते चांगलंच आहे. पण मंडळानं वर्षश्राद्धाच्या आत त्या आईला मंचावर बोलावू नये. आम्ही दोघी-तिघी घरी जाऊन बसतो, मानपत्रही नेत नाही.

वेळ सकाळी नऊची ठेवा, दीड तासात आटपा, मग पोहे-जिलेबी. संध्याकाळचा कार्यक्रम इथे कधीच वेळेवर सुरू होत नाही, देवासला होत असेल तर तुमचं अभिनंदन.

तो टिकलेला मुलगा कुरियर कंपनीत आहे. गेल्या पौषात अण्णा तापानं पडून होते आणि आमच्याच गल्लीतले एक आजोबा पहाटे गेले. मुलगा एकटा आला, सगळं त्यानंच केलं. सात वाजता मला अण्णांचा फोन, आवाज बसलेला. "जरा जाऊन बघता का, डोक्याकडची गाठ दुहेरी आहे ना?"

मी गेले. दुहेरी होती.