पिशवी कोणती?

प्रश्न : नमस्कार डॉक्टरबाई. माझं वय 48. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. तीन बाळंतपणं झाली, मधल्याच्या वेळी चिमटा लावावा लागला होता. चार वर्षं झाली, खोकलं, शिंकलं, टॉवेलचा गठ्ठा उचलला की लघवी निसटते. कारखान्यात तूस उडतं, त्यामुळे खोकला कायमचाच. आधी थेंब-दोन थेंब जायचे, आता पॅड लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. गडद रंगाच्याच साड्या नेसते. उन्हाळ्यातसुद्धा कामावर पाणी पीत नाही. गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, अक्षता टाकायला दरवर्षी जायचे, दोन वर्षं झाली गेले नाही. त्या गर्दीत तासन्‌तास उभी राहू कशी? एका दवाखान्यात दाखवलं तर न तपासताच म्हणाले, पिशवी काढून टाका, सगळे प्रश्न मिटतील. पाळी अजून चालू आहे, तिचा काही त्रास नाही. भाचीने मोबाइलवर बघून सांगितलं की जाळी बसवायचं ऑपरेशन असतं, पण परदेशात त्यावर बंदी आली. पिशवी काढू, जाळी बसवू, की असेच दिवस काढू? ऑपरेशन केलं तर कामावर कधी जाता येईल? घरात कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून स्वतःच लिहिते आहे.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, या त्रासासाठी पिशवी काढायला होकार देऊ नका. बाकीचं सगळं सावकाश ठरवता येईल, हे मात्र आधी.

आपल्या बोलण्यात गर्भाशयही पिशवी आणि मूत्राशयही पिशवी, तिथूनच गल्लत सुरू होते. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्यासमोर खुर्चीत बसल्या, फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘पिशवी तर काढली बाई, मग गळतंय कुठून?’ त्यांची गर्भपिशवी काढून दीड वर्ष झालं होतं. फाइलमध्ये सोनोग्राफी होती, रक्ताचे रिपोर्ट होते, पण खोकल्यावर लघवी जाते हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्या बाईंचा तो प्रश्न मी विसरलेले नाही. लघवी गळते ती लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी आधार सैल पडल्यामुळे. गर्भपिशवी काढून तो आधार घट्ट होत नाही. अंग बाहेर येत असेल किंवा पाळीचा मोठा त्रास असेल, तर तिचा विचार वेगळा करायचा.

आधार सैल पडतो म्हणजे काय होतं? पाणी येण्याच्या दिवशी आपण नळाला पाइप लावतो. फरशीवर पडलेल्या पाइपवर पाय दिला की धार बंद होते. तोच पाइप भुसभुशीत मातीवर असेल तर पाय दिल्यावर मातीत रुततो आणि धार चालूच राहते. लघवीच्या नळीखाली स्नायू आणि पडद्यांची अशीच एक फरशी असते. बाळंतपणात, त्यातही चिमटा लागला असेल तर, ती ताणली जाते. पुढे पाळी जाण्याचं वय, वजन, बद्धकोष्ठता, जुना खोकला आणि रोजचं ओझं तिला आणखी सैल करत जातात. मग पोटात दाब वाढला की नळी दबत नाही आणि लघवी निसटते. डॉक्टर याला स्ट्रेस इनकॉन्टिनन्स म्हणतात. हा शब्द ऐकून बायका म्हणतात, ‘मला कसलं टेन्शन नाही हो.’ यातला स्ट्रेस मनाचा नाही, पोटातल्या दाबाचा आहे.

पण गळणं सगळं एकाच जातीचं नसतं. लघवीची एकदम घाई होऊन संडासापर्यंत पोचायच्या आत जात असेल, तर तो मूत्राशयाच्या आकुंचनाचा दोष. त्याला औषधं असतात, जाळीचं ऑपरेशन त्यासाठी नाही. अनेकींना दोन्ही त्रास असतात. म्हणून तपासणी हवी. तीन दिवस वहीत लिहा : किती वाजता गेलात, किती प्यायलात, कधी गळलं. लघवीची तपासणी जंतुसंसर्गासाठी, रक्तातली साखर, आणि लघवी करून आल्यावर आत किती उरते हे पाहणारी सोनोग्राफी. मी स्वतः एक अगदी साधी गोष्ट करते. लघवीची पिशवी भरलेली असताना बाईंना उभं करते आणि जोरात खोकायला सांगते. खोकल्याबरोबर थेंब आले की निम्मं उत्तर मिळालं. चित्र संमिश्र असेल तर युरोडायनॅमिक्स नावाची दाब मोजायची तपासणी करून घ्यावी, ऑपरेशनच्या आधी.

पाणी कमी पिणं मात्र आजपासून बंद करा. सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवसभर कोरडं राहून लघवी गडद होते, जळजळते, मूत्राशयाला डिवचते आणि जंतुसंसर्ग, खडे यांना वाट करून देते.

ऑपरेशनच्या आधी व्यायाम, निदान तीन महिने. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी तो 1948 साली मांडला. वायू आणि लघवी दोन्ही एकदम रोखून धरल्यासारखं आत आवळायचं, पाच-सहा आकडे धरायचं, तेवढाच वेळ सोडायचं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, कुल्ले-मांड्या आवळायच्या नाहीत, आणि लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव करायचा नाही. पॅकिंगच्या टेबलाशी बसूनही हे होतं, शेजारणीला कळणारही नाही. आणि एक युक्ती : शिंक येताना किंवा गठ्ठ्याला हात घालायच्या क्षणी आधी आवळा, मग उचला. अनेक जणी आपण बरोबर आवळतोय असं समजून उलट खाली जोर देतात, म्हणून एकदा तरी तपासून घ्या. खोकल्यासाठी छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि कामावर मास्क लावा. खोकला तसाच ठेवून केलेल्या ऑपरेशनवर रोज उलटा ताण येतो.

एवढं करूनही पॅड सुटत नसेल तर ऑपरेशन. ते करावं की नाही हे तुमचा त्रास ठरवेल. हा जिवावरचा आजार नाही, त्यामुळे कुणी घाई करत असेल तर उठून या.

आता जाळीचं. 1996 साली स्वीडनचे उल्फ उल्मस्टेन यांनी लघवीच्या नळीच्या मधोमध, खालून, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या जाळीची पट्टी झोळीसारखी ठेवायची पद्धत मांडली. 2001 साली फ्रान्समध्ये तीच पट्टी जांघेच्या बाजूने नेण्याची पद्धत आली. तुम्ही टॉवेलच्या कारखान्यात आहात, वीण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळते. ही पट्टी सेंटीमीटरभर रुंद, विरळ विणीची. त्या छिद्रांतून आपलं मांस वाढतं आणि पट्टी आत धरली जाते. छेद लहान, वेळ अर्धा तास, बहुतेक जणी दुसऱ्या दिवशी घरी. दहापैकी साधारण आठ जणींना चांगला गुण येतो. पण मांस त्या विणीत शिरतं म्हणूनच पुढे त्रास झाला तर ती पूर्ण काढणं फार अवघड असतं. पट्टी योनिमार्गात उघडी पडणं, जांघेत टिकून राहणारी कळ, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवी अडणं किंवा नव्याने घाई होणं, हे सगळं थोड्यांना होतं. ज्यांना होतं त्यांच्यासाठी ते थोडं नसतं.

भाची म्हणते त्यात तथ्य आहे, पण दोन गोष्टी एकत्र झाल्यात. 2019 साली अमेरिकेत विक्री थांबवली ती अंग बाहेर येण्यासाठी योनिमार्गातून बसवायच्या मोठ्या जाळीची, या पट्टीची नव्हे. इंग्लंडमध्ये मात्र जुलै 2018 पासून ही पट्टीही सरसकट वापरणं थांबवलं गेलं, कारण दुखतंय म्हणून सांगणाऱ्या बायकांचं वर्षानुवर्षं कुणी ऐकलं नव्हतं. हे मला फार लागतं. आपल्याकडेही बाई दुखतंय म्हणाली की ‘होईल हळूहळू’ म्हणतात.

जाळी नको असेल तर दुसऱ्या वाटा आहेत, आणि त्या तुम्हाला सांगितल्याच गेल्या पाहिजेत. तुमच्याच ओटीपोटाच्या स्नायूवरचं चिवट आवरण पट्टीसारखं काढून त्याची झोळी करता येते. परकी वस्तू आत राहत नाही आणि गुणही टिकतो. पोटावर छेद येतो, दोन-तीन दिवस दवाखान्यात राहावं लागतं, आणि सुरुवातीला लघवी मोकळी व्हायला वेळ लागून काही दिवस कॅथेटर (लघवी बाहेर काढायची रबरी नळी) ठेवावा लागू शकतो. बर्च यांनी 1961 साली सांगितलेलं, सैल पडलेला आधार टाक्यांनी वर उचलून धरायचं ऑपरेशनही आहे, ते आता दुर्बिणीतूनही होतं. लघवीच्या नळीभोवती जेलचं इंजेक्शनही देतात, त्यात कापाकापी नाही, पण गुण कमी आणि पुन्हा द्यावं लागू शकतं. तुम्हाला सुचलेले प्रश्न लिहून न्या. त्यात एक हा असू द्या : ‘तुम्ही स्वतः यातलं कोणतं ऑपरेशन नेहमी करता, आणि पुढे त्रास झाला तर मला कोण बघेल?’

काम : पट्टीच्या ऑपरेशननंतर घरातली हलकी कामं आठवडाभरात, बसून करायचं काम दोनेक आठवड्यांत. गठ्ठा मात्र सहा आठवडे हातात घ्यायचा नाही, पोटावर छेद असेल तर त्याहून जास्त. संबंधही तेवढे दिवस टाळायचे. मालकांना एवढंच सांगा की ओटीपोटाचं ऑपरेशन आहे. गठ्ठ्यांसाठी ढकलगाडी मिळते का, तेही आत्ताच विचारा. घरी निदान एका माणसाला सांगा, त्या सहा आठवड्यांत भरलेल्या घागरी कुणीतरी उचलायला लागतील.

संक्रांतीला अजून साडेतीन महिने आहेत. आज व्यायाम सुरू केलात तर अक्षतेच्या आधी तीन महिने पुरे होतात. त्या दिवशी पॅड लावून का होईना, पण जा. कुठेही तपासायला जाल तेव्हा वही न्या, दोन भांडी पाणी पिऊन जा, आणि नंबर लागायच्या आधी लघवीला जाऊ नका.