गुरू, बृहस्पती आणि बेस्तरवार

वाळवा तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेच्या बाई विचारतात: पाचवीच्या मुलांना दुर्बिणीतून गुरू दाखवायचा आहे. शेजारच्या फलकावर 'गुरु ग्रह सूर्यमालेतला सर्वांत जड, म्हणूनच पूर्वजांनी त्याला गुरु हे नाव दिले' असं लिहिलं तर चालेल का? आणि वर्गातल्या एका पोरानं विचारलंय, गुरुत्वाकर्षण हा शब्द या ग्रहावरून आला का?

पोराचं आधी. नाही आला. 'गुरु' म्हणजे जड. 'गुरुत्व' म्हणजे जडपणा. वस्तू खाली पडते ती तिच्यातल्या गुरुत्वामुळे, हे वैशेषिकांनी (आपल्या सहा जुन्या दर्शनांपैकी एकाच्या पंडितांनी) कधीच मांडून ठेवलं आहे आणि त्यात ग्रहाचा काडीचा संबंध नाही. गंमत अशी की लॅटिनमधला 'ग्राविस' (जड) आणि आपला 'गुरु' हे सख्खे भाऊ आहेत. म्हणजे ग्रॅव्हिटी आणि गुरुत्व हे मुळात एकाच धातूचे. ग्रीकमधला तिसरा भाऊ 'बारुस' बॅरोमीटरमध्ये जाऊन बसलाय. पुरणपोळी गरिष्ठ असते ती याच गुरुपणामुळे, आणि 'स्वर्गादपि गरीयसी' मधली गरीयसीही तीच.

आता फलकावरचं वाक्य. ते खोडा. दर गुरुपौर्णिमेला हेच वाक्य वेगवेगळे हार घालून माझ्या मोबाइलवर येतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे 318 पट आहे हे खरं. पण ते मोजायचं कसं? 1610 च्या जानेवारीत गॅलिलिओला गुरूभोवतीचे चार चंद्र दिसले. पुढे 1687 साली न्यूटनचे नियम छापून आले, तेव्हा कुठे चंद्र किती लांबून, किती वेळात फिरतो यावरून मधल्या ग्रहाचं वजन काढायची सोय झाली. त्याआधी आकाशात दिसायचा तो एक ठिपका, आणि त्याच्यापेक्षा ठसठशीत ठिपका शुक्राचा. नुसतं बघून 'जड' ठरवायचं असतं तर हे नाव शुक्राला मिळालं असतं.

नावावरून विज्ञान काढायचंच असेल तर हेही सांगून टाका: संस्कृत ज्योतिषात या ग्रहाचं आणखी एक नाव 'जीव' आहे. मग काय, तिथली जीवसृष्टीही पूर्वजांनी पाहिली होती म्हणायची?

ग्रहाला गुरू म्हणतात कारण तो बृहस्पती, आणि बृहस्पती हे देवांचे गुरू. बस. इथे गुरू म्हणजे शिकवणारा. तुमच्या शाळेतल्या 'गुरुजीं'मधला.

खरी मजा बृहस्पतीतच आहे. इथे लगेच कोणीतरी हात वर करतो: बृहत् म्हणजे मोठा, बृहस्पती म्हणजे मोठा ग्रह, झालं की सिद्ध! पण बृहत् + पती याचं 'बृहत्पती' व्हायला हवं. मधे हा 'स्' कुठून टपकला? जुन्या वैयाकरणांनाही हा प्रश्न पडला होता, आणि त्यांनी त्यासाठी खास वचन केलं: 'तद्बृहतोः करपत्योश्चोरदेवतयोः सुट् तलोपश्च'. म्हणजे तत् आणि बृहत् यांच्यापुढे अनुक्रमे कर आणि पती आले, आणि अर्थ अनुक्रमे चोर आणि देवता असला, तर 'त्' घालवा आणि 'स्' आणा. एकाच वचनात तस्कर आणि बृहस्पती! देवगुरूंना चोराच्या पंक्तीला बसवणारं हे वचन मला फार आवडतं. पटत मात्र अजिबात नाही. हवं ते अक्षर काढायचं, नको तिथे दुसरं घालायचं आणि वर त्याला नियम म्हणायचं? मोठ्यांनी केलं म्हणून ठिगळाची पैठणी होत नाही.

माझ्या मते (आणि वेदाच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या बऱ्याच जणांच्या मते) हा 'स्' षष्ठीचा आहे. वाचस्पती म्हणजे वाचेचा पती, तसा बृहस्पती म्हणजे 'बृह्'चा, मंत्राचा, प्रार्थनेचा पती. दोन पुरावे देतो. वेदपाठात या शब्दावर दोन उदात्त (उंच म्हणायचे स्वर) येतात, अगदी वनस्पती या शब्दावर येतात तसे; एरवी शब्दाला एकच असतो, म्हणजे इथे दोन सुटे शब्द जोडलेत. आणि दुसरा पुरावा सांगलीत गणपतीच्या देवळात जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. 'गणानां त्वा गणपतिं हवामहे' ही ऋचा म्हणताना पुढे काय येतं? 'ज्येष्ठराजं ब्रह्मणां ब्रह्मणस्पत'. ब्रह्मणस्पती हे ऋग्वेदात बृहस्पतीचंच दुसरं नाव, आणि त्यातली 'ब्रह्मणः' ही षष्ठी तर शेंबडं पोरही ओळखेल. आकाराचा, वजनाचा इथे बादरायण संबंधही लागत नाही.

आणि लोकांनी कुठलं नाव धरून ठेवलं ते बघा. साताऱ्यातली पेठ गुरुवार, कॅलेंडरात गुरुवार, पण शिराळा, पाटणकडच्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडी अजून 'बेस्तरवार' ऐकू येतो. एका निवृत्त मास्तरांनी मला ठासून सांगितलं होतं की हा 'विस्तारवार', कारण गुरू ग्रह विस्तारानं मोठा! पुन्हा तेच दुखणं. बेस्तरवार म्हणजे सरळ बृहस्पतवार. माझा तर्क असा, की 'बृ'मधला र आधी सुटा झाला, मग त्याला तिथे करमेना आणि तो उडी मारून शब्दाच्या मागच्या अंगाला गेला. त्या गडबडीत 'स्प'चा 'स्त' झाला. मधली पायरी गोव्यात शिल्लक आहे: कोकणीत गुरुवारला 'बिरेस्तार' म्हणतात, तिथे पहिला र अजून जागेवर आहे. हे कोणाला पटो न पटो. मास्तरांना पटलं नाही.

मग पूर्वजांना या ग्रहाबद्दल काय ठाऊक होतं? त्याची चाल. आणि तिचा शब्द कृष्णाकाठच्या पोरांना घरातच सापडेल: कन्यागत. वाईपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत दर बारा वर्षांनी कन्यागताचं पर्व येतं, घाटावर माणूस मावत नाही, गंगा कृष्णेला भेटायला येते असं म्हणतात. त्यावरून 'कन्या आगत', म्हणजे गंगा नावाची लेक आली, असा अर्थ सांगणारे मी ऐकले आहेत. गोड आहे, पण चूक. कन्यागत म्हणजे कन्या राशीत गेलेला. कोण गेलेला? गुरू! 2004 च्या ऑगस्टात गेला, 2016 च्या ऑगस्टात पुन्हा गेला. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात भागीरथीचं पाणी बारा वर्षांनी येतं अशी श्रद्धा आहे, त्यातले बाराही याचेच.

खरं तर गुरूला सूर्याभोवती फिरायला बारा नव्हे, 11.86 वर्षं लागतात. हा उरलेला फरक साठत जातो आणि साधारण 84-85 वर्षांत गुरू एक अख्खी रास पुढे सरकतो. तेव्हा कुठल्या तरी पर्वाला बाराऐवजी अकरा वर्षांचं अंतर घ्यावं लागतं. हरिद्वारचा कुंभ 2010 नंतर 2022 ला नव्हे, 2021 ला भरला, तो यामुळेच. दुर्बीण नसताना ज्यांनी हा हिशेब ठेवला त्यांचं कौतुक करायला वजनाच्या थापा कशाला हव्यात?

हां, फलक. बाई, असं लिहा: 'गुरू. जुनं नाव बृहस्पती, देवांचा गुरू. बेस्तरवार याचाच. सूर्याभोवती एक फेरी सुमारे बारा वर्षांत, म्हणून बारा वर्षांनी कन्यागत. स्वतःभोवती एक फेरी दहा तासांच्या आत. मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम. उभं राहायला जमीन नाही.' वजनही लिहा, पण वेगळ्या ओळीत, आणि मधे 'म्हणूनच' घालू नका. 'गॅसचा गोळा' एवढंच लिहून सोडू नका, पोरांच्या डोळ्यांपुढे लाल टाकी येते. आत खोलवर दाबानं हायड्रोजनचा द्रव होतो हे तोंडी सांगा.

आणि तुम्ही प्रश्नात 'गुरु ग्रह' असं ह्रस्व लिहून पाठवलंय. मराठीत सुटा शब्द दीर्घ: गुरू. समासात ह्रस्व: गुरुवार, गुरुत्वाकर्षण. फलक रंगवायला देण्याआधी तेवढं दुरुस्त करा.