गॅरंटी बॅचसाठी एफडी मोडू नका

प्रश्न : मी मिरजेत एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. पगार 24,000, त्यातले 6,000 दरमहा शिल्लक पडतात. यूकेला जायचं आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्यासाठी लागणारी आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा दिली. लिसनिंग 7.5, रीडिंग 7, रायटिंग 6.5 आले, पण स्पीकिंगला 7 हवे असताना 6.5 वर अडकले. कुणाला मदत केली त्या प्रसंगावर दोन मिनिटं बोलायचं होतं. वॉर्डातल्या आजोबांना इन्सुलिन टोचायला शिकवलं एवढं सांगितलं आणि पन्नास सेकंदांतच माझं बोलणं संपलं. पुण्यातला एक क्लास तीन महिन्यांच्या ‘स्पीकिंग गॅरंटी बॅच’चे 48,000 मागतो. त्यासाठी बिनपगारी रजा घेऊन पुण्यात राहावं लागेल. 90,000 ची एफडी मोडून बाकीच्यासाठी आईच्या पाटल्या तारण ठेवू का?

उत्तर : ताई, पाटल्या आईच्या हातातच राहू द्या आणि एफडीलाही हात लावू नका. यूकेचा विचार मात्र सोडू नका, कारण तुम्ही अगदी दारात उभ्या आहात.

आधी खर्च नीट मांडू. क्लासचे 48,000. पुण्यात पीजीचे महिना 8,000 धरले तर तीन महिन्यांचे 24,000. बुडालेला पगार 72,000. हेच 1,44,000 झाले. जेवणखाण वेगळं, आणि पुन्हा परीक्षेला बसायचे साधारण 18,000 वेगळे. म्हणजे अर्ध्या गुणासाठी तुम्ही तुमचा सहा महिन्यांहून अधिक पगार घालणार. सोनेतारणाचं व्याज त्यामानाने किरकोळ आहे. समजा 60,000 घेतले आणि वर्षाला 12 टक्के धरले, तरी महिना 600 होतात. पण पगारच बंद असताना ते 600 भरायचे कुठून? आणि तुमचा घरखर्च 18,000 आहे, म्हणजे ही एफडी तुमच्या पाच महिन्यांचा आधार आहे. गेली काही वर्षं यूकेमध्ये परदेशी नर्सेसची भरती मंदावली आहे. गुण मिळाले तरी नोकरीचं पत्र हातात यायला वेळ लागू शकतो, आणि तो काळ याच पैशावर काढायचा आहे.

‘गॅरंटी’ कशाची, हे क्लासने तुम्हाला लेखी दिलंय का? बहुतेक ठिकाणी गुण नाही आले तर पुन्हा फुकट बॅचला बसू देतात, एवढाच तिचा अर्थ असतो. परीक्षेची फी, पीजीचं भाडं, बुडालेला पगार यातलं काहीच परत येत नाही.

आता स्पीकिंगचं. ही मुलाखत 11 ते 14 मिनिटांची. गुण चार गोष्टींवर सारख्या वजनाने दिले जातात : ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. चारांची बेरीज 28 झाली की बरोबर 7. म्हणजे बेरजेत तुम्ही एकदोन गुणांनीच मागे आहात. नेमक्या कुठे, ते निकालपत्रावर छापलेलं नसतं. तुम्ही नर्स आहात. रक्त न तपासता तीन महिन्यांचा कोर्स सुरू केलेला तुम्हाला चालेल का? पहिला खर्च तपासणीवर करा. चारही निकषांचे गुण वेगवेगळे लिहून देणाऱ्या अनुभवी शिक्षकाकडे ऑनलाइन मॉक, म्हणजे सराव परीक्षा, द्या. एका मॉकला 1,500 च्या आसपास धरून चाला.

तुमच्या पत्रातून मला अडचण मुलाखतीच्या दुसऱ्या भागात दिसते. तिथे कार्ड देतात, तयारीला एक मिनिट आणि कागद-पेन्सिल देतात, मग एक ते दोन मिनिटं बोलायचं. तुम्हाला आलेलं कार्ड होतं, ‘तुम्ही कुणाला मदत केलीत तो प्रसंग सांगा’. तुम्ही म्हणता, वॉर्डातल्या आजोबांना इन्सुलिन टोचायला शिकवलंत आणि तेवढ्यावर थांबलात. पण त्यात किती सांगण्यासारखं होतं! त्यांचा हात कसा थरथरत होता, ते कशाला घाबरत होते, तुम्ही आधी काय करून दाखवलंत, डिस्चार्जच्या दिवशी त्यांनी स्वतः टोचून घेतलं का. कार्डावर चार मुद्दे छापलेले असतात. प्रत्येकावर तीसेक सेकंद बोललात की दोन मिनिटं भरतात. रोज ड्यूटीहून आल्यावर एक कार्ड घ्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि लगेच ऐका. गोष्ट ‘ही वॉज स्केअर्ड’ अशी भूतकाळात सुरू होऊन मध्येच वर्तमानकाळात ‘आय टेल हिम’ होते का, तिकडे कान ठेवा. आपल्याकडे ही चूक फार होते आणि ऐकल्याशिवाय कळत नाही. पाठ केलेली उत्तरं नकोत, परीक्षक ती ओळखतात. मराठी हेल असल्याबद्दल गुण कापत नाहीत, बोललेलं स्पष्ट समजलं पाहिजे.

पैशाची बाजू तुमच्या शिलकीतच बसते. चार महिन्यांचे 24,000 होतात : 18,000 परीक्षेला, 6,000 चार मॉकना. तेवढे महिने नवी आरडी वगैरे सुरू करू नका.

पुन्हा बसल्यावर रायटिंग घसरेल ही भीती असेल, तर हा नियम लक्षात ठेवा. यूकेची नर्सिंग नोंदणी संस्था, म्हणजे एनएमसी, बारा महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र धरते. अट एवढीच की दोन्ही वेळा रायटिंग 6 च्या खाली आणि बाकी तिन्ही 6.5 च्या खाली जाता कामा नयेत. तुमची पहिली परीक्षा या अटीत बसते. चार महिन्यांनी बसलात तर मुदतीतही आहात.

फेरतपासणीचा पर्याय आहे, परीक्षेपासून सहा आठवड्यांच्या आत अर्ज करायचा. गुण वाढले तर फी परत मिळते. पण बोलणं पन्नास सेकंदांत संपलं असं तुम्हीच सांगता, त्यामुळे मी त्यावर पैसे घालणार नाही.

दुसऱ्यांदाही स्पीकिंगच अडलं, तर मग ओईटीचा, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेचा, विचार करू. त्यात नर्स आणि रुग्णाच्या संवादाचे दोन प्रसंग असतात आणि ते तुम्ही रोजच बोलता. मात्र फी जवळपास दुप्पट आहे, आणि आयईएल्ट्स व ओईटीचे गुण एकमेकांत मिसळता येत नाहीत, चारही विभाग नव्याने काढावे लागतात. म्हणून आज ते नको.

पहिल्या मॉकमध्ये दोनापेक्षा जास्त निकषांत 6 किंवा त्याहून कमी आले, तर क्लास जरूर लावा. पण मिरज-सांगलीतला किंवा ऑनलाइन, नोकरी सांभाळून, आणि फी महिन्याच्या महिन्याला भरायची या बोलीवर.