तळहाताची खाज ग्लोव्हजमुळे नव्हती

तुमची पोस्ट एकदा वाचली, पण त्यातली एक ओळ चारदा वाचली. हेल्मेटमध्ये मधमाशी शिरली, कानाखाली चावली, गाडी लेन सोडून गेली, मागच्या ट्रकने हॉर्न दिला आणि थोडक्यात वाचलात. हे वाईटच. काच बंद ठेवून घामाघूम होण्यापेक्षा दुसरा काही उपाय आहे का आणि खिशात ॲलर्जीची गोळी ठेवली तर भागेल का, हे तुमचे प्रश्न. पण मध्येच तुम्ही सहज लिहून गेलात की नंतर दहा-पंधरा मिनिटं तळहात खूप खाजत होते, ‘नवीन ग्लोव्हजमुळे असेल’.

ग्लोव्हजमुळे नसावं. डंखाची अंगभर उठणारी ॲलर्जी असू शकते. मीही तेच म्हणालो होतो. त्या समजुतीपायी माझ्या डाव्या घोट्यात आजही दोन स्क्रू आहेत.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. २२ वर्षं दुचाकी चालवतोय आणि एकदा मरता मरता वाचलोय, एवढाच माझा अधिकार. तुमचं कदाचित साधंच निघेल. निघो. पण ते ठरवणारे तुम्ही किंवा मी नाही.

गाडी कडेला कशी घ्यायची ते तुम्हाला येतं, ते सोडतो. फक्त एक हिशेब डोक्यात ठेवा. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. हेल्मेटमधली माशी हुडकण्यात तीन सेकंद गेले की ५० मीटर तुम्ही आंधळे असता. आणि मधमाशीने डंख मारला असेल तर तिचं काम संपलेलं असतं. तिच्या नांगीला उलटे आकडे असतात, ती माणसाच्या कातडीत रुतून तुटते, माशी पुन्हा डसू शकत नाही. गांधीलमाशीचं तसं नसतं, ती पुन्हा पुन्हा मारते. पण तिच्यासाठीही हँडलवरचा हात काढू नये. दुखू द्यावं, आत ओरडावं, कोणाला ऐकू जात नाही.

आता माझं. पाऊस नुकताच थांबला होता, काचेवर वाफ धरत होती, म्हणून काच दोन बोटं वर ठेवली होती. माशी तिथूनच आली. जबड्यावर जिथे हेल्मेटचा पट्टा येतो, बरोबर तिथे डसली. मी शहाण्यासारखा इंडिकेटर दिला, कडेला घेतलं, स्टँड लावला, पट्टा सोडला, आरशात बघत नखाने नांगी खरवडली. नखावर ती दिसली, कुसळाएवढी, आणि तिच्या बुडाशी विषाची पिशवी अजून आकसत होती. (ती खरवडून काढायची, चिमटीत धरली तर विष आत जातं, असं सगळे सांगतात. १९९६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका छोट्या प्रयोगात दिसलं की खरवडा नाहीतर चिमटा, फरक पडत नाही, उशीर झाला तर फोड मोठा होतो. तेव्हा खरवडायला एखादं कार्ड शोधत बसू नका, हाताला येईल तसं उपटा.)

दोन मिनिटं उभा राहिलो, पाणी प्यायलो. जबडा थोडा सुजला होता, बाकी काही नाही. हेल्मेट चढवलं आणि निघालो. घोडचूक ती. डंख नव्हे, डंखानंतर निघणं.

दहाएक मिनिटांनी तळहात सुरू झाले. वरवरची खाज नव्हे, कातडीच्या खालून येणारी. मी चालत्या गाडीवर हँडलच्या रबरावर तळहात घासत होतो. मग बुटांच्या आत तळपाय. मग कान तापले. आणि माझं डोकं प्रत्येकाला वेगळं कारण देत होतं: ग्लोव्हज ओले आहेत, बूट चावतायत, हेल्मेट घट्ट आहे. तिन्ही मिळून एकच गोष्ट असेल हे सुचलं नाही, कारण याआधी मला माशी आठ-दहा वेळा तरी चावली होती आणि कधीच काही झालं नव्हतं. तुम्हीही ‘लहानपणापासून चावतायत’ असं लिहिलंय, म्हणून सांगतो: आधी काही झालं नाही याचा अर्थ पुढे होणार नाही असा नसतो. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये हेच तर दाखवलं. समुद्री ॲनिमोन या विषारी समुद्रजीवाच्या विषाची पहिली मात्रा पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी त्याच विषाच्या बारीकशा मात्रेने मेला. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी अंगभरची ॲलर्जी, हा शब्द तिथून आला, रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं. हे सगळं मी पाय प्लास्टरमध्ये असताना वाचलं. वेळ भरपूर होता.

घोट गिळताना घसा दाटल्यासारखा झाला, तेव्हा मात्र उमगलं. आणि उमगल्यावरही मी थांबलो नाही! पुढचं गाव नऊ किलोमीटर अशी पाटी दिसली, म्हटलं तिथवर जाऊ. नजरेच्या कडा काळ्या व्हायला लागल्या. वेग कमी केला एवढं आठवतं. क्लच दाबायला बोटांत जोर नव्हता, इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं, गाडी डावीकडे पडली, पाय खाली.

लोक धावून आले. भली माणसं होती, त्यांनी मला बगलेत धरून उभं केलं, जरा चाला म्हणाले. उभा राहिलो आणि शुद्धच गेली. अशा वेळी रक्तदाब कोसळलेला असतो, माणसाला उभं करणं जिवावर बेतू शकतं. आडवं निजवायचं, पाय उंच ठेवायचे. श्वास लागत असेल तर बसवून टेकू द्यायचा. चालवायचं नाही. हे तुमच्यासोबत फिरणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा, कारण त्या वेळी सांगायला तुम्ही शुद्धीवर नसाल.

दवाखान्यात मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांत जग परत आलं. ज्यांनी दिलं त्यांचे उपकार आहेत, त्यांच्याबद्दल एक शब्द वावगा बोलणार नाही. तक्रार आहे ती कागदाची. घरी जाताना हातात जो कागद पडला त्यावर होतं: ‘दुचाकीवरून पडून डाव्या घोट्याचे फ्रॅक्चर. कीटकदंश.’ संपलं. रक्तदाब किती होता, अंगावर गांधी उठल्या होत्या का, इंजेक्शन कोणतं दिलं, किती वाजता दिलं, काही नाही. मीही बघितलं नाही. मोडलेला पाय समोर असला की माणूस कागद वाचत नाही.

मग विम्याचं ऑफिस. नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही, दुसरीकडेही हेच झालं असतं असं आता वाटतं. पहिल्या खेपेला विचारलं, आधी चक्कर आली की आधी पडलात? म्हटलं, आधी चक्कर. मग हा आजार झाला, अपघात नव्हे. म्हटलं, चक्कर माशीमुळे आली, माशी चावणं हा अपघात. मग माशीचा पुरावा आणा. मी विचारलं, कसला पुरावा? समोरचे गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, ‘कीटक चावल्याचा.’ कागदावर कीटकदंश लिहिलंय ना, म्हटलं. त्यावर उत्तर: ‘ते तुम्ही सांगितल्यावरून लिहिलंय.’ कुबड्यांवर पाच खेपा झाल्या. दर वेळी खिडकीवर नवीन माणूस आणि दर वेळी मुळापासून गोष्ट सांगायची. शेवटी अर्धेही पैसे मिळाले नाहीत.

पैसे गेले ते गेले. खरा घोटाळा पुढे झाला. तो कागद बघून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही ‘किडा चावला होता’ एवढंच धरलं आणि ॲलर्जीच्या गोळ्या लिहून दिल्या. पुढचे सात-आठ महिने मी खिशात ती पट्टी घेऊन निर्धास्त हिंडलो. ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, त्या दिवशीचं ट्रिप्टेज काढलं होतं का? रक्तातला हा पदार्थ रिॲक्शननंतर एक-दोन तासांत चढतो आणि दिवसभरात उतरतो. म्हणजे त्याच दिवशी काढला तर काढला. माझ्या हातात काय, तर ‘कीटकदंश’.

म्हणून तुम्हाला पहिली कळकळीची सूचना: पुन्हा कधी दवाखान्यात जायची वेळ आली तर बाहेर पडण्याआधी कागद वाचा. कोणता कीटक, डंखानंतर किती मिनिटांनी काय झालं, रक्तदाब, दिलेलं औषध आणि वेळ हे त्यावर हवं. सोबतच्या माणसाला वाचायला लावा. आणि ‘बरं वाटतंय’ म्हणून लगेच निघूही नका. लक्षणं ओसरून काही तासांनी परत उलटू शकतात, म्हणून काही वेळ थांबवून ठेवतात.

गोळीबद्दल. गोळी खाज आणि गांधी कमी करते. घशाची सूज आणि कोसळलेला रक्तदाब तिच्याने आवरत नाही, शिवाय ती लागू पडायला वेळ घेते. काही गोळ्यांनी झोप येते, ते वेगळंच. अशा रिॲक्शनवर पहिलं औषध ॲड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ते तुम्हाला हवं की नको, हवं तर किती आणि कोणत्या रूपात, हे तज्ज्ञ ठरवतील. मी मात्रा सांगणार नाही, कृपया खाली कोणी सांगूही नका. मिळालं तर गाडीवरच्या डब्यात किंवा सीटखाली ठेवू नका, उन्हात तिथे भट्टी होते आणि औषध खराब होतं. जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवा. अधूनमधून बघा, रंग पिवळट-तपकिरी झाला की बदला. जाड रायडिंग पँट असेल तर ती खाली सारा, तिथे लाजायचं कारण नाही. आणि टोचून झाल्यावर कितीही ताजंतवानं वाटलं तरी गाडीची किल्ली दुसऱ्याकडे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर तज्ज्ञांना आवर्जून सांगा, त्याने ॲड्रेनॅलिनचा असर कमी पडू शकतो.

तज्ज्ञांकडे जायचंच आहे, यात माझ्याकडून सूट नाही. डंखानंतर लगेच केलेली त्वचेची चाचणी फसवी निघू शकते, म्हणून बहुधा चार-सहा आठवडे थांबवतात. माझी पॉझिटिव्ह आली. त्यानंतर अंगाला सवय व्हावी म्हणून माशीच्या विषाचीच इंजेक्शनं घेतोय. अगदी किंचित मात्रेपासून वाढवत १०० मायक्रोग्रॅमपर्यंत नेतात, मग साधारण महिन्या-सव्वा महिन्याला एक, अशी तीन ते पाच वर्षं. कंटाळवाणं आहे, पण गाडी सोडण्यापेक्षा बरं.

आता तुमचा काचेचा प्रश्न. काच बंद ठेवा, वाफेचा बंदोबस्त वेगळा करा: आतून पिनलॉकची (वाफ न धरणारी जादा) काच आणि श्वास काचेकडे जाऊ न देणारी, नाकावर येणारी पट्टी. घाम येतो तो काचेपेक्षा बंद व्हेंट्समुळे, म्हणजे हेल्मेटच्या हवेच्या भोकांमुळे. व्हेंट उघडे ठेवून आतून बारीक जाळी चिकटवा. हनुवटीखालचा पडदा लावा, गळ्यात बफ (नळीसारखा गळपट्टा) घालून त्याची खालची कड कॉलरच्या आत खोचा. गळा हेच सगळ्यात मोठं भोक आहे, लोक व्हेंटला जाळ्या लावतात आणि जॅकेटची चेन छातीपर्यंत उघडी. ग्लोव्हज लांब मनगटाचे, बाहीच्या वरून. रात्री ग्लोव्हज हँडलला अडकवून ठेवत असाल तर सकाळी उलटे करून झटका. बूटही.

काळं घालू नका, अत्तर लावू नका वगैरे सल्ले तुम्हाला खाली मिळतीलच. पोळ्याजवळ उभं राहणाऱ्याला त्यात अर्थ आहे. ताशी ७० ने जाणाऱ्याला माशी रंग बघून निवडत नाही हो. ती तिच्या वाटेने चाललेली असते, आपण जाऊन आदळतो.

एक अपवाद. रस्त्यावर अख्खा थवाच अंगावर आला तर माझा थांबण्याचा सल्ला उलटा. काच खाली, मान खाली, आणि जपून पण न थांबता पुढे. माशी गाडीइतकी वेगाने उडत नाही. डंखासोबत एक वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा, तो बाकीच्या माश्यांना तिथेच बोलावतो. त्यामुळे हेल्मेट काढायचं ते बरंच लांब गेल्यावर. आणि मग मात्र किमान अर्धा तास, घड्याळ लावून, थांबायचं. एकटे असाल तर कोणाला तरी फोन करून बोलत राहायचं. तळहात, तळपाय, ओठ, घसा, पोटात ढवळणं, यातलं काहीही सुरू झालं तर पुढचं गाव विसरा, ॲम्ब्युलन्स बोलवा.

हेल्मेटच्या आतली गादी धुवायची का, असंही विचारलंय तुम्ही. धुवा, पण आधी गालाची पॅड्स काढून शिवणीत नीट बघा. पडलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं, म्हणून माझं टाकून देण्याआधी पॅड्स काढली, तेव्हा डाव्या पॅडच्या मागे ती सापडली. वाळून कडक झालेली, पंख शाबूत, पोटाचं टोक तुटलेलं. म्हणजे मी तिला डोक्यावर घेऊनच पुन्हा निघालो होतो. पाकिटात घालून त्या खिडकीवर नेऊन द्यायची फार इच्छा झाली होती, पुरावा म्हणून. बायको म्हणाली, ती तुमचीच माशी कशावरून, असं विचारतील.