कंदात ‘सूचना’ की ‘माहिती’?

रावेरच्या एका केळी बागायतदाराने विचारले आहे : लागवडीच्या एका पत्रकात ‘कंदात पुढच्या झाडाच्या जनुकीय सूचना साठवलेल्या असतात’ असे वाक्य आहे; तेथे ‘सूचना’ बरोबर की ‘माहिती’?

‘माहिती’. पत्रकातली ‘सूचना’ हिंदीतून आली आहे. २००५चा जो कायदा हिंदीत ‘सूचना का अधिकार’ आहे, तोच मराठीत ‘माहितीचा अधिकार’ आहे. पण मध्य प्रदेशातले हिंदीभाषक बऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर म्हणून असो की भाषांतरकारांच्या आळसामुळे असो, हा घोळ खानदेशात रोज कानांवर आदळतो. मराठीत काय करावे हे सांगते ती सूचना आणि काय आहे हे सांगते ती माहिती.

हे ‘काय आहे’ मी पदरचे घातलेले नाही, ते शब्दाच्या पोटातच आहे. अरबीत ‘मा हिया’ म्हणजे ‘ती काय आहे?’ या प्रश्नावरून ‘माहिय्या’, म्हणजे वस्तूचे वस्तुपण, हा इब्न सिनासारख्या तत्त्वज्ञांनी राबवलेला शब्द घडला, फारसीत त्याचा ‘माहियत’ झाला आणि मराठीत ‘माहीत’. पुढे ‘मंजूर’वरून ‘मंजुरी’ व्हावी तशी ‘माहीत’वरून ‘माहिती’ झाली. (तेव्हा ‘माहीत’मधला ‘ही’ दीर्घच.) काही पंडित मात्र हा शब्द संस्कृत ‘महित’वरून काढतात. ‘महित’ म्हणजे पूजलेला. ‘मला रस्ता पूजलेला आहे’ असे म्हणणारा माणूस त्यांनी दाखवावा, मी माझे मत मागे घेईन. उलट अहिराणीत ‘माले माहीत शे’ म्हणणारी आजी ‘काय शे?’ या जुन्या प्रश्नाचेच उत्तर देत असते.

अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८मध्ये माहिती मोजायला घेतली तेव्हा त्यानेही अर्थ बाजूला ठेवला आणि शंका मोजली : दोन्ही उत्तरे सारखीच संभवनीय असताना एका ‘हो की नाही’ने जेवढी शंका मिटते तेवढे एक बिट. डीएनएत ए, टी, जी, सी अशी चारच अक्षरे असल्यामुळे एखाद्या जागी कोणते आहे, हे ठरवायला असे दोन प्रश्न पुरतात. त्या एका अक्षराचे मोल नंदुरबारकडच्या सातपुड्यातल्या पाड्यांना विचारावे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात ‘जीएजी’च्या जागी ‘जीटीजी’ असते, त्यामुळे त्या साखळीत ग्लुटामिक आम्ल या घटकाऐवजी व्हॅलिन हा घटक बसतो, आणि असे जनुक आई व वडील या दोघांकडून आले असेल तर प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. येथे पेशी आज्ञा मोडत नाही. सूचना ती चोख पाळते, बिघडलेली असते ती माहिती.

डीएनए पेशीला कामाला लावतो, मग ‘सूचना’ का नको, असे पत्रककर्ते म्हणतील. पण केळीच्या पानातल्या पेशीत जी ३३ गुणसूत्रे, तीच कंदातल्या पेशीत. माहिती दोन्हीकडे सारखी, तरी पान कधी मुळ्या सोडत नाही, कारण कोणता भाग केव्हा वाचला जावा, हे पेशीगणिक वेगळे ठरते. तेव्हा पुढच्या छपाईत ‘कंदात माहिती साठवलेली असते’ एवढेच लिहावे. मुनवा, म्हणजे कंदाचा नवा कोंब, फुटू लागला, त्या माहितीतला नेमका भाग वाचला जाऊ लागला, की तेथे ‘सूचना’ लिहायला माझी हरकत नाही.